काश्मीर-हिमाचलचा हिवाळा आणि हवामान खात्याचे अंदाज: वापरून बनलेलं मत

दिवाळी उरकली की मला एकच प्रश्न सगळीकडून ऐकू येतो: "ताई, नाताळात बर्फ नक्की मिळेल ना?" मी पुण्याहून छोटे गट घेऊन हिवाळ्यात काश्मीर आणि हिमाचलला जाते. गटात बहुतेक साठीच्या पुढचे काका-काकू असतात, एखादं नवं जोडपं असतं, आजी-आजोबांचं बोट धरून आलेली शाळकरी नातवंडं असतात. या सगळ्यांना बर्फ हवा असतो, आणि सगळ्यांना धडधाकट घरी परत आणायची जबाबदारी माझी असते. हॉटेल, गाडी, जेवण यांबद्दल पुष्कळ लोक लिहितात. मी ज्या सेवेवर या सगळ्यांपेक्षा जास्त विसंबते, तिच्याबद्दल मात्र आपल्याकडे कोणी लिहीत नाही, म्हणून हे लिहायला बसले. ती सेवा म्हणजे भारतीय हवामान खात्याचे पश्चिम हिमालयासाठीचे हिवाळी अंदाज. एक पैसा लागत नाही, रोज मिळतात, आणि माझ्या मते आपले बहुतेक पर्यटक ते उघडूनही बघत नाहीत.

आधी मत सांगून टाकते. सेवा उत्तम आहे आणि मी तिच्या भरवशावर माणसं नेते. पण हा एकच अंदाज नसतो. तीन महिन्यांचा वेगळा, दोन आठवड्यांचा वेगळा, पाच-सात दिवसांचा वेगळा आणि पुढच्या दोन-तीन तासांचा वेगळा. एकाला विचारायचा प्रश्न दुसऱ्याला विचारला की माणूस फसतो आणि मग "यांचं काही खरं नसतं" म्हणून मोकळा होतो.

सुरुवात हंगामाच्या अंदाजापासून. डिसेंबर उजाडताना खातं डिसेंबर ते फेब्रुवारीचा अंदाज देतं. त्यात किमान आणि कमाल तापमान सरासरीच्या वर राहील की खाली, थंडीच्या लाटेचे दिवस नेहमीपेक्षा जास्त असतील की कमी, हे देशाच्या नकाशावर रंगांत दाखवलेलं असतं. जानेवारीच्या पहिल्या तारखेच्या आसपास जानेवारी ते मार्च या तीन महिन्यांतल्या पावसाचा अंदाज येतो, आणि त्यात उत्तर भारतासाठी वेगळा आकडा असतो. डोंगरात हा पाऊस बर्फाच्या रूपात पडतो, त्यामुळे आपल्याला तोच बघायचा. या भागाची जानेवारी ते मार्चची दीर्घकालीन सरासरी सुमारे १८४.३ मिलिमीटर आहे, १९७१ ते २०२० या वर्षांवरून काढलेली. यात जम्मू-काश्मीर, लडाख, हिमाचल आणि उत्तराखंडबरोबर पंजाब, हरयाणा आणि उत्तर प्रदेशही मोजलेले असतात. म्हणजे हा एक आकडा सिमल्याचा, लुधियान्याचा आणि लखनौचा मिळून असतो. तुमच्या गुलमर्गच्या तीन दिवसांबद्दल तो काही सांगू शकत नाही आणि तसा दावाही करत नाही.

पुणेकर म्हणून एक सांगावंसं वाटतं. हे लांब पल्ल्याचे अंदाज तयार करण्याचं काम आपल्या शिवाजीनगरच्या कचेरीत चालतं. आपण ज्याला सिमला ऑफिस म्हणतो, तीच ही जागा. १८७५ साली स्थापन झालेल्या खात्याचं मुख्यालय आधी कोलकात्याला होतं, मग सिमल्याला गेलं, १९२८ मध्ये तिथून पुण्याला आलं आणि १९४४ मध्ये दिल्लीला हललं. मुख्यालय गेलं, नाव मात्र चौकाला आणि बसथांब्याला चिकटून राहिलं. रोज त्या चौकातून जाणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल, की काश्मीरच्या हिवाळ्याचा अंदाज आपल्या उजव्या हाताच्या इमारतीत बसून मांडला जातो! मला याचा मनापासून अभिमान वाटतो.

हंगामाचा अंदाज मी कशाला वापरते, तर माहितीपत्रकात काय लिहायचं नाही हे ठरवायला. १ जानेवारी २०२५ ला खात्याने सांगितलं होतं, की जानेवारी ते मार्च उत्तर भारतात पाऊस सरासरीपेक्षा कमी, म्हणजे ८६ टक्क्यांच्या खाली राहण्याची शक्यता जास्त आहे. तो वाचल्यावर मी फेब्रुवारीच्या गटाला "बर्फात खेळणे" असं लिहून दिलं नाही. पुढे गुलमर्गला बर्फ इतका कमी राहिला, की २२ फेब्रुवारीला सुरू होणाऱ्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा पुढे ढकलून ९ ते १२ मार्चला घ्याव्या लागल्या. त्याच्या आदल्या वर्षी, जानेवारी २०२४ मध्ये, गुलमर्गच्या उतारांवर ऐन हंगामात नुसतं वाळलेलं गवत होतं. घोडेवाले, स्लेजवाले, स्की शिकवणारी मुलं, सगळे हातावर हात ठेवून बसले होते. बर्फ पडला तो महिना संपता संपता. आपल्याकडे पाऊस लांबला की शेतकऱ्याचं जे होतं, तेच तिकडे बर्फ लांबला की या लोकांचं होतं. उन्हाळ्यात सफरचंदाच्या बागांना आणि नद्यांना पाणी याच बर्फाचं असतं, त्यामुळे बर्फाचा अंदाज हा पर्यटकांच्या मौजेपुरता विषय नाही.

आता त्याच २०२५ च्या हिवाळ्याचा पुढचा भाग. हंगाम कोरडा जाणार हा अंदाज बरोबर होता. पण फेब्रुवारीच्या अखेरीला एक जोरदार पश्चिमी झंझावात (पश्चिमेकडून येणारी, बर्फ आणणारी हवेची प्रणाली) आला आणि हिमाचल, उत्तराखंडमध्ये दोन-तीन दिवसांत प्रचंड बर्फ पडला. २८ फेब्रुवारीला बद्रीनाथच्या पुढे मानाजवळ सीमा रस्ते संघटनेच्या कामगारांच्या छावणीवर हिमकडा कोसळला. ५४ कामगार अडकले, ४६ जणांना वाचवता आलं, ८ जण गेले. आदल्या दिवशी संध्याकाळीच चमोली जिल्ह्यासाठी हिमस्खलनाचा इशारा निघालेला होता. म्हणजे "यंदा बर्फ कमी" हे वाक्य खरं असताना त्याच हिवाळ्यात बर्फाने माणसं मारली. मला या परीक्षणातून काही एक गोष्ट लोकांपर्यंत पोचवायची असेल तर ती हीच: जानेवारीच्या पहिल्या तारखेला वाचलेल्या अंदाजावर फेब्रुवारीत गाडी काढायची नसते. त्या दिवसाचं बुलेटिन त्या दिवशीच वाचावं लागतं.

मधल्या टप्प्याबद्दल फार लिहीत नाही. दर गुरुवारी पुढच्या दोन आठवड्यांचा विस्तारित अंदाज निघतो. विमानाची तिकिटं झालेली असतात आणि निघायला दहा-बारा दिवस असतात, तेव्हा तो बघायचा. पहिला आठवडा कामाचा असतो, दुसरा धरून चालायचा नाही.

खरी मजा पाच-सात दिवसांच्या अंदाजात आहे. श्रीनगर, सिमला, डेहराडून आणि लेहच्या हवामान केंद्रांची रोजची बुलेटिनं मी निघायच्या आठवडाभर आधीपासून वाचते. ती वाचायला पश्चिमी झंझावात म्हणजे काय हे कळलेलं असावं लागतं, कारण तिकडच्या हिवाळ्याचं सगळं गणित त्याच्यावर आहे. भूमध्य समुद्राच्या बाजूला, कधी कॅस्पियनच्या परिसरात, कमी दाबाची एक प्रणाली तयार होते आणि वरच्या थरातल्या वेगवान पश्चिमी वाऱ्यांबरोबर इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान ओलांडून आपल्याकडे येते. वाटेत तिला समुद्रांची वाफ मिळते. हिमालय आडवा आला की हवा वर चढते, थंड होते आणि बर्फ पडतो. हिवाळ्यात महिन्याला साधारण चार ते सहा झंझावात येतात. सगळे जोराचे नसतात. काही नुसते ढग दाखवून जातात. आमचे श्रीनगरचे ड्रायव्हर भाईजान सकाळी चहा ओतता ओतता सांगतात, "मॅडम, परसों डब्ल्यूडी है," म्हणजे वेस्टर्न डिस्टर्बन्स, हाच झंझावात, आणि त्यांच्या बोलण्यात तो पाहुण्यासारखा येतो. बुलेटिनमध्ये बघायचं ते हे, की झंझावात कोणत्या तारखेच्या रात्री पोचणार, किती दिवस राहणार आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा आहे का. एकामागून एक दोन आले तर मधल्या दिवसाची उघडीप फसवी असते. ऊन पडतं, लोक सोनमर्गला निघतात, आणि संध्याकाळी परतीची वाट बंद होते.

झंझावात आणि कडाक्याची थंडी यांचा संबंध महाराष्ट्रातल्या माणसाला उलटा वाटतो, म्हणून इथे जरा थांबते. आपल्या मनात बर्फ पडणं म्हणजे सर्वांत जास्त थंडी. प्रत्यक्षात बर्फ पडत असताना आकाशात ढगांचं पांघरूण असतं, त्यामुळे रात्रीचं तापमान फारसं उतरत नाही. उलट पहिल्या दिवशी ते चढतंच. हाडं गोठवणारी रात्र येते ती आकाश निवळल्यावर. जमिनीची उष्णता वर निघून जायला काही आडकाठी नसते, खाली पांढरा बर्फ असेल तर दिवसाचं ऊनही परतवून लावलं जातं, आणि काश्मीरसारख्या वाटोळ्या खोऱ्यात जड थंड हवा तळाशी साचून राहते. डिसेंबर २०२४ चं उदाहरण घ्या. २१ डिसेंबरला चिल्लई कलां सुरू होतो, काश्मीरचे ते चाळीस कडक दिवस. त्याच सुमाराच्या रात्री श्रीनगरला उणे ८.५ अंश नोंदले गेले, डिसेंबरमधली पन्नास वर्षांतली सर्वांत थंड रात्र. शहरात तेव्हा बर्फ नव्हता, आकाश कोरडं ठणठणीत होतं, दल सरोवराच्या कडा गोठल्या होत्या. बर्फ आला तो आठवड्याने, २७ आणि २८ डिसेंबरला, आणि असा आला की महामार्गावर शेकडो गाड्या अडकल्या आणि विमानं रद्द झाली. बुलेटिनमधला तापमानाचा तक्ता आणि बर्फाचा अंदाज शेजारी ठेवून वाचले, तर हा क्रम आधीच दिसतो. "हवामान कोरडे राहील" हे वाक्य दिसलं की मी काकूंना सांगते, आज रात्री दोन जोड मोजे आणि उशाशी गरम पाण्याची पिशवी. लोक चकित होतात. "कोरडं आहे म्हणताय ना?" कोरडं आहे, म्हणूनच.

माझी मावसबहीण निफाडला द्राक्षं करते. तिचा या झंझावातांशी माझ्याइतकाच जवळचा संबंध आहे, कारण तो सरकून गेला की मागून उत्तरेचे थंड कोरडे वारे सुटतात आणि दोन-तीन दिवसांत निफाडचा पारा घसरतो. मी काश्मीरमधून "इथे निवळलं" असा निरोप धाडला की ती बागेत शेकोट्यांची तयारी करते. मी वाचते त्याच बुलेटिनचा हा शेवटचा परिच्छेद समजा.

भाषेबद्दल. बुलेटिनमधले शब्द सैल वाटतात, पण ते मोजून वापरलेले असतात. "तुरळक ठिकाणी" म्हणजे त्या भागातल्या पंचवीस टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस किंवा बर्फ. "काही ठिकाणी" म्हणजे पन्नास टक्क्यांपर्यंत, "अनेक ठिकाणी" म्हणजे पंचाहत्तरपर्यंत, आणि "बहुतांश ठिकाणी" त्याच्याही वर. हे एकदा डोक्यात बसलं की बुलेटिन बोलायला लागतं. "तुरळक ठिकाणी हलकी बर्फवृष्टी" असेल तर माझा कार्यक्रम जसाच्या तसा राहतो. "बहुतांश ठिकाणी, उंच भागात जोरदार" असं आलं की मी त्याच रात्री हॉटेलला फोन करून मुक्काम पुढेमागे करते.

आणि उंची. डोंगरातल्या अंदाजात उंची न बघता वाचलेला आकडा कुचकामी असतो. हजार मीटर वर चढलं की तापमान ढोबळमानाने साडेसहा अंशांनी उतरतं. मनाली सुमारे २,०५० मीटरवर आहे. अटल बोगद्याचं दक्षिणेकडचं तोंड ३,०६० मीटरवर. मनालीत चार अंश आणि बारीक पाऊस असेल, तर बोगद्याच्या तोंडाशी शून्याच्या खाली आणि बर्फ. श्रीनगर १,५८५ मीटर, गुलमर्ग सुमारे २,६५०, आणि गोंडोलाचा, म्हणजे गुलमर्गच्या रोपवेचा, दुसरा टप्पा तुम्हाला अफरवट डोंगराच्या अंगावर चार हजार मीटरच्या जवळ नेऊन सोडतो. श्रीनगरच्या हॉटेलात पाच अंश बघून निघालेला माणूस काही तासांत उणे दहात उभा असतो, वर वारा वेगळा. सिमला केंद्र आपल्या बुलेटिनमध्ये सखल भाग आणि कमी उंचीचे डोंगर, मध्यम उंचीचे आणि जास्त उंचीचे असे गट पाडून अंदाज देतं. ही पद्धत मला फार आवडते. पर्यटकाने आपली ठिकाणं कोणत्या गटात बसतात एवढं बघून ठेवलं तरी पुरे.

आता फोनमधल्या तयार ॲपबद्दल. मी कोणाचं नाव घेत नाही, कारण हा दोष बहुतेक सगळ्यांचा आहे. हवामानाचं गणित मांडताना संगणकावर जगाच्या नकाशाचे चौकोन पाडतात; ही ॲप त्यातला एक चौकोन उचलतात आणि त्यावर सूर्याचं किंवा ढगाचं चित्र चिकटवतात. त्या चौकोनात दरी आणि शिखर दोन्ही येतात, आणि त्यांची सरासरी काढलेली उंची कुठल्याच हॉटेलची नसते. एका वर्षी सोनमर्गला जायच्या आदल्या रात्री गटातल्या एका काकांनी मला त्यांचा फोन दाखवला. सूर्य, बाजूला इवलासा ढग. श्रीनगर केंद्राच्या बुलेटिनमध्ये मात्र दुपारनंतर जोरदार बर्फवृष्टी, नारंगी इशारा. मी सोनमर्ग रद्द केलं आणि श्रीनगरमध्येच जामा मशीद, जुनं शहर आणि सकाळी हरिसा (मटणाची काश्मिरी न्याहारी) असा दिवस आखला. गट नाराज झाला, पैसे परत मागण्याची भाषाही झाली. दुपारी तीनला बर्फ सुरू झाला, आणि संध्याकाळी सोनमर्गचा रस्ता बंद झाल्याचं भाईजानांनी येऊन सांगितलं. त्या रात्री काकांनी स्वतः माझ्याकडून बुलेटिन कुठे मिळतं ते लिहून घेतलं. स्थानिक केंद्रात बसलेला माणूस आकड्यांवर शेवटचा हात फिरवतो, त्याला पीर पंजाल डोंगररांगेच्या अलीकडे आणि पलीकडे काय फरक पडतो हे ठाऊक असतं. चित्राला ते ठाऊक नसतं.

खात्याचं स्वतःचं "मौसम" ॲप २०२० मध्ये आलं. शहरनिहाय सात दिवसांचा अंदाज, इशारे आणि रडारची चित्रं त्यात मिळतात. मी त्यातले इशारे आणि रडार बघते, बाकीसाठी बुलेटिनच बरं. रडारबद्दल दोन शब्द बोलायलाच हवेत, कारण गेल्या काही वर्षांत तिकडे खरोखर मोठं काम झालंय. डोंगरात रडारचा किरण कड्याला अडतो, म्हणून मैदानातलं एक मोठं रडार पुरत नाही. त्यावर उपाय म्हणून शिखरांवर छोट्या पल्ल्याची रडार बसवली गेली: २०२१ मध्ये कुफ्री आणि मुक्तेश्वर, २०२२ मध्ये लेह, २०२३ मध्ये हिमाचलात जोत आणि मुरारी देवी, उत्तराखंडात सुरकंडा देवी आणि जम्मू-काश्मीरमध्ये बनिहाल टॉप. बनिहालच्या रडारचं महत्त्व जम्मू-श्रीनगर रस्त्याने गेलेल्या कोणालाही सांगावं लागणार नाही. रामबनच्या पट्ट्यात पाऊस लागला की वरून दगड सुटतात, आणि तिथे पुढच्या दोन-तीन तासांचा तात्काळ अंदाज हा पाच दिवसांच्या अंदाजापेक्षा मोलाचा असतो. गाडी उधमपूरला थांबवायची की पुढे काढायची, हा निर्णय मी त्यावर घेते. मे २०२५ मध्ये पुण्याच्याच उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विकसित केलेली सहा किलोमीटरच्या चौकोनांची भारत अंदाज प्रणाली सुरू झाली. आधीचे चौकोन बारा किलोमीटरचे होते. दऱ्याखोऱ्यांच्या प्रदेशात चौकोन निम्मा होणं ही मोठी गोष्ट आहे.

इशाऱ्यांच्या रंगांवरून गटात नेहमी गोंधळ होतो. हिरवा म्हणजे इशारा नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. नारंगी म्हणजे तयारीत राहा. लाल म्हणजे आता कृती करा. बातम्यांत "काश्मीरला यलो अलर्ट" ऐकून पुण्यातली मुलं आई-बाबांना घाबरून फोन करतात. पिवळ्याला घाबरायचं कारण नाही. मी पिवळ्यात गाडीला साखळ्या आहेत ना, औषधं हाताशी आहेत ना, एवढं बघते. नारंगीत घाट ओलांडत नाही. लाल असेल तर हॉटेलातून हलत नाही, मग विमान चुकलं तरी चालेल.

थंडीच्या इशाऱ्याची एक गोष्ट मात्र नीट समजून घ्या. थंडीची लाट ठरवताना खातं त्या जागेच्या सरासरीशी तुलना करतं. डोंगराळ भागात किमान तापमान शून्य किंवा त्याखाली हवं आणि ते सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी खाली गेलेलं हवं. लेहला जानेवारीत पारा उणे दहाच्या खाली जाणं हा नित्यक्रम आहे. त्यामुळे तिथे उणे बारा अंशांच्या रात्री नकाशा हिरवागार दिसू शकतो. नियमाप्रमाणे ते बरोबर आहे, लडाखी माणसासाठी ती नेहमीची रात्र आहे. डोंबिवलीहून आलेल्या आजोबांसाठी ती नेहमीची नाही. म्हणून पर्यटकाने थंडीच्या बाबतीत रंग न बघता थेट अंशांचा आकडा बघावा. उणे पाचच्या खाली गेलं की नळ गोठतात आणि सकाळी ऊन चढेपर्यंत पाणी येत नाही. फोनची बॅटरी बघता बघता उतरते. केलांग, कारगिलकडे नेहमीच्या डिझेलचं मेण होतं. इंडियन ऑइलने २०१९ मध्ये लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं खास हिवाळी डिझेल आणलं ते याचसाठी. आणि सर्वांत गंभीर गोष्ट, बंद खोलीत कांगडी (निखाऱ्यांची काश्मिरी शेगडी), कोळसा किंवा गॅसचा हीटर लावून झोपणं. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो आणि दर हिवाळ्यात त्याने माणसं दगावतात. किमान तापमानाचा आकडा जितका खाली, तितकी मी रात्री खोल्यांमधून जास्त वेळा फिरते. खिडकीची फट उघडी ठेवायला लावते, काकू कितीही कुरकुरल्या तरी.

हिमस्खलनाचा इशारा वेगळ्या ठिकाणी मिळतो हे अनेकांना माहीत नसतं. ते काम संरक्षण संशोधन संस्थेच्या चंडीगडच्या भू-माहिती आस्थापनेकडे आहे. मनालीला १९६९ पासून बर्फाचा अभ्यास करणारी जी संस्था होती, ती २०२० मध्ये यात विलीन झाली. इशारा जिल्ह्यानुसार आणि उंचीनुसार येतो, अमुक मीटरच्या वर असं स्पष्ट लिहिलेलं असतं. १ फेब्रुवारी २०२३ ला अफरवटच्या उतारावर हिमकडा कोसळून दोन पोलिश स्कीपटू गेले, बाकी एकवीस जणांना बाहेर काढता आलं. ताज्या, खोल बर्फानंतरचं लख्ख ऊन छायाचित्रासाठी सर्वांत सुंदर असतं आणि उतारांसाठी सर्वांत वाईट. त्या दिवशी मी गटाला गोंडोलाच्या पहिल्या टप्प्याच्या वर नेत नाही आणि आखलेल्या जागेबाहेर पाऊल टाकू देत नाही.

ही सेवा कोणासाठी कमी पडेल? ज्याला "२५ तारखेला दुपारी पहलगामला बर्फ पडेल का" याचं उत्तर महिनाभर आधी हवं आहे, त्याच्यासाठी. ते उत्तर कोणाकडेच नसतं, आणि पैसे घेऊन देणारे असतील तर त्यांच्यापासून लांब राहा. बुलेटिन इंग्रजी आणि हिंदीत असतात, तक्त्यांच्या स्वरूपात असतात, ज्येष्ठांना फोनवर वाचायला जड जातात. मी रोज रात्री जेवणानंतर गटाला ती मराठीत वाचून दाखवते. पहिल्या दिवशी लोक ऐकून सोडतात, तिसऱ्या दिवशी काकाच विचारतात, "आज अनेक ठिकाणी आहे की बहुतांश?"

पाचपैकी साडेचार तारे. उरलेला अर्धा मी एका मागणीसाठी राखून ठेवला आहे. श्रीनगर, सिमला आणि डेहराडून या तिन्ही केंद्रांनी रोजच्या बुलेटिनमध्ये १,५००, २,५०० आणि ३,५०० मीटर अशा तीन उंचींसाठी अपेक्षित बर्फ सेंटिमीटरमध्ये आणि रात्रीचं किमान तापमान वेगवेगळं द्यावं, आणि डिसेंबर ते फेब्रुवारी या तीन महिन्यांपुरता त्याचा मराठी, गुजराती आणि बंगाली अनुवाद निघावा. हिवाळ्यात हिमालयात येणारी वयस्कर माणसं मोठ्या संख्येने या तीन भाषांची असतात, आणि त्यांना सगळ्यात जास्त गरज या तक्त्याची आहे.